कामाला आलेल्या विहीणबाई

सुरत
३ जुलै २००१

आईले भूषणचा नमस्कार.

आणि बाबाच्या छातीत कळ येते ती माझ्यामुळे, हे रेणूच्या हातानं दर चिठ्ठीत लिहिणं आता बंद कर. मी हातमाग सोडून पॉवरलूमवर आलो त्याले अडीच वर्षं झाले. अडीच वर्षं एकच कळ कोणाच्या छातीत राहत नाही. त्यांना तंबाखू कमी करायले सांग. मी चोरी केली नाही, कोणाचं घर फोडलं नाही. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून जिंदगीभर बसणं मले जमत नव्हतं, एवढंच. या पोट्ट्याचे पाय एका जागी राहत नाहीत, हे मी चालायले लागलो तेव्हापासून तूच सगळ्या पवनीले सांगत होती. तेव्हा कौतुकानं सांगत होती.

आता तुझ्या हाताचं. रेणूनं लिहिलं का न्हाणीत पाय सरकला, उजवं मनगट मोडलं, भंडाऱ्याले नेऊन प्लास्टर केलं. आणि तिच्या शेतात धानाचं रोवणं आलं म्हणून तिले लाखनीले परत जाणं आहे. मग घरात पाणी कोण भरेल, स्वयंपाक कोण करेल आणि बाबाच्या मागाले कांड्या कोण भरून देईल? कांड्यांवर सूत नाही तर धोटा रिकामा, आणि माग बंद. याच्यावर तुम्ही मायलेकींनी मिळून एकच उपाय काढला, का भूषणनं घरी यावं.

भूषण येत नाही. भूषणनं दुसरी सोय केली आहे.

माझ्या खोलीत अमर नावाचा पोट्टा आहे, आमगावकडचा, आपल्यातलाच. त्याची मावशी आहे गोदावरीबाई. पन्नाशीची बाई, नवरा जाऊन बारा वर्षं झाले, लेकरूबाळ नाही, भाच्यांच्या घरी दिवस काढून राहिली आहे. चौथी शिकली आहे, अक्षर माझ्यापेक्षा बरं. ती आपल्या घरी राहील आणि सगळं काम करेल. दोन वेळचं जेवण आणि महिन्याचे पाचशे. पाचशे मी पाठवत जाईन. पुढच्या गुरुवारी ती पवनीले उतरेल.

एकच गोष्ट ध्यानात ठेव. ती कामाले येऊन राहिली आहे. पहिल्याच दिवशी तिच्या हातात झाडू दे. तुझा स्वभाव मले माहीत आहे म्हणून सांगतो.

माझं काम चांगलं चालू आहे. मालक खूश आहे.

तुझा
भूषण

पवनी
२४ जुलै २००१

चि. भूषणले आईचा आशीर्वाद.

रेणू गेली. ही चिठ्ठी गोदावरीबाई लिहून राहिल्या. मी बोलते, त्या लिहितात. गाऱ्हाणं त्यांचंच आहे, पण घरात दुसरं लिहिणारं कोण आहे? बाबा तर तुझं नाव असलेल्या कागदाले हात लावत नाहीत.

तू पाठवलेली बाई ऐकत नाही. दारात आल्याबरोबर मी पाय धुवायले गरम पाणी दिलं, तर म्हणे मी कामाले आली. मी म्हटलं, कामाले आल्या असाल, पण दारातून तर पाहुणीच आत येते ना. आपल्या घरी मुक्कामाले आलेल्या माणसाले पाच दिवस काम सांगत नाहीत. तुझी आजी सांगत नव्हती, मी कशी सांगू? पाच दिवस मी डाव्या हातानं त्यांना गोळाभात करून घातला. पहिल्या दिवशी पुऱ्या केल्या. एका हातानं पुरी गोल होत नाही, कशीही होते. त्यांनी खाल्ल्या, पण खातानी रडल्या. आता सांग, पाहुणी रडली म्हणजे माझाच अपमान झाला का नाही?

(रडली नाही. एक पुरी मधात कच्ची होती. गोदावरी.)

सहाव्या दिवसापासून काम सुरू. पण लोकांच्या बाईनं उठून आपल्या घरचा केर पाहावा, हे मले बरं वाटत नाही. म्हणून त्या उठायच्या आधी मी आंगण झाडून ठेवते. तर त्यांनी काय केलं, माझ्या आधी उठायले लागल्या. मी पाचले उठली तर त्या साडेचारले. मी चारले उठली तर सडा टाकून तयार. परवा दोघीही एकाच टायमाले उठलो आणि एकाच खराट्याले दोघींचे हात.

(खराटा मी सोडला नाही.)

आता खरं सांगते ते नीट ऐक. तुझ्या बाबाले मी सांगितलं नाही का ही कामाची बाई आहे. ते म्हणतील, नोकर ठेवायले आपण मालगुजार आहोत का? पाहुणी आहे म्हटलं. पण समोरची सुलोचनाबाई, भय्याजीची बायको, तिले तर बोलल्याशिवाय होत नाही. भय्याजीच्या फोनच्या दुकानात बसून सगळ्या मोहल्ल्याची खबर तिच्याकडे. भिंतीवरून मले विचारते, कोण आल्या बाई, दहा दिवस झाले, जाऊन नाही राहिल्या. मी काय सांगू? मोहल्ल्यात कोणाच्या घरी राहती बाई आहे? म्हटले असते, राधाबाईच्या पोरानं चार पैसे धाडले तर राधाबाईले हातानं पाणी घेऊन पिणं होत नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, विहीणबाई आहेत.

ती म्हणते, रेणूच्या सासूले मी ओळखते, ह्या त्या नाहीत. मी म्हटलं, रेणूची नाही, भूषणची.

मग ती म्हणते, पोरीचं नाव काय? मी म्हटलं मोनिका. त्याच टायमाले गोदावरीबाई म्हणाल्या तृप्ती. सुलोचनाबाई एकदा यांच्याकडे पाहते, एकदा माझ्याकडे. मग आम्ही सांगितलं का एक शाळेचं नाव आहे, एक घरचं.

तर तुझं जमलं आहे. आमगाव तिकडं गोंदिया जिल्ह्यात गेल्यापासून तिकडची खबर इकडं येत नाही, तेवढं बरं आहे.

आई

आता माझं. भूषण, मले पोरगी नाही, हे अमरनं तुले सांगितलंच असेल. मी पाचशे रुपयांसाठी आली. आता मोहल्ल्यासमोर मले कोणी काम करू देत नाही. पोरीची आई म्हणून बाजेवर बसवतात आणि सुपारी कातरायले देतात. असे पाचशे मी कायचे घेऊ? तुझ्या आईले समजावून लिह्य.

गोदावरीमावशी

सुरत
५ ऑगस्ट २००१

गोदावरीमावशी, हे आईले जसंच्या तसं वाचून दाखवा. जिथं तुमच्यावर बोललो ते गाळू नका आणि जिथं तिच्यावर बोललो ते तर गाळूच नका.

आई, तू तुझी अब्रू वाचवायले माझं लग्न लावून मोकळी झाली. तुले दुसरं काही सुचलं नाही का? दूरची बहीण म्हणायचं, औषधाले आली म्हणायचं. सरळ विहीण? मी अमरले पकडून विचारलं. म्हटलं खरं सांग, तुम्ही दोघं मावशीभाचे मिळून मले फसवून तर नाही राहिले? तो आईची शपथ घेऊन सांगते का मावशीले पोरगी नाही, दोन बकऱ्या आहेत.

माझं म्हणणं आहे का उद्याच्या उद्या सुलोचनाकाकूले खरं सांगून टाक. दोन दिवस हसतील. हसून हसून किती हसतील? मग मावशी उजेडात काम करतील, तुझा हात बरा होईल, बाबाचा माग चालेल आणि मले इथं राहता येईल. मी त्यांना एवढ्यासाठीच पाठवलं आहे. त्या परत गेल्या तर मले मागावर येऊन बसणं आहे, आणि ते होणार नाही, हे मी तुले साफ सांगतो.

तसं त्या पोरीबद्दल मोहल्ल्यात तुम्ही काय काय सांगितलं? मले काही घेणं नाही. पण सुरतेत आपल्याकडचे वीस-पंचवीस पोट्टे आहेत. कोणी विचारलं तर मले आपलं माहीत असावं. शिकली किती सांगितलं? दिसायले कशी सांगितली?

पाकिटावरचा पत्ता बदलला आहे तो लिहून घ्या. खोली बदलली. काम तेच.

भूषण

पवनी
२८ ऑगस्ट २००१

चि. भूषणले आशीर्वाद.

तू म्हणते खरं सांगून टाक. आता कसं सांगू? पोळ्याच्या दिवशी भय्याजीकडे विहीणबाईले जेवण झालं. त्यांनी घातलं तर शेजारच्यांनी घातलं. मग ओळच लागली. चौदा घरी जेवण झाले, तीन लुगडे आले. जेवू घातलेल्या चौदा घरांना मी आता सांगू का तुम्ही माझ्या कामाच्या बाईले पाटावर बसवलं?

(लुगडे मी पेटीत ठेवले आहेत. वापरले नाही.)

घरातलं काम त्या दार लावून करतात. भांडे, स्वयंपाक, कांड्या, सगळं आतमधी. दार लागलं का मोहल्ला म्हणते, विहिणी-विहिणींचं देण्याघेण्याचं बोलणं चालू आहे. आंगण मात्र उघड्यावर आहे, ते मलेच झाडणं आहे. प्लास्टरचा हात गळ्यात बांधून मी डाव्या हातानं झाडते आणि त्या बाजेवर बसून सुपारी कातरतात. वरून हळूच सांगतात, तुळशीमागं राहिलं.

(राहिलं होतं.)

पोरगी दहावी शिकली. गणितात दोनदा राहिली, मग निघाली. रंग गव्हाळ. हे मी नाही सांगितलं, गोदावरीबाईच सांगतात. मोहल्ल्यातल्या पोरी संध्याकाळी येऊन बसतात आणि त्या सांगत राहतात. मलेही नवीन नवीन ऐकायले भेटते. बदकाले भिते म्हणे. मी म्हटलं, बाई, एवढं कायले? तर म्हणतात, काहीतरी तर भिणारच ना पोरगी.

आता बाबाचं. भय्याजीनं त्यांना दुकानावर बोलावून सांगितलं, कृष्णराव, व्याही झाले आणि पेढा नाही? मी दारात उभी होती. तुझे बाबा घरी आले, टोपी घातली, दारापुढच्या सपरीत येऊन गोदावरीबाईले हात जोडले. म्हणाले, पोरगं कसंही असो, घरात तुमच्या पोरीले कमी पडणार नाही. अडीच वर्षांत तुझा विषय त्यांनी पहिल्यांदा काढला. मग मले त्यांना खरं सांगवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवीन ताणा लावला. सुनेसाठी पातळ विणून राहिले. भय्याजीनं साक्षगंध दसऱ्याले धरलं आहे. मधात अधिक महिना आला म्हणून तेवढं लांबलं, नाही तर गणपतीतच उरकलं असतं. मले काही सुचत नाही. तू शहाणा आहे तर तूच सांग.

आई

सुरत
९ सप्टेंबर २००१

आई,

चिठ्ठी चारदा वाचली. बाबा टोपी घालून सपरीत आले, हे खरं का? का हेही गोदावरीमावशीनं आपल्या मनानं घातलं?

मी रात्रपाळीले विचार केला. आता एकच रस्ता आहे. पोरीले मारून टाका. तिकडं जंगलाकडं ताप असतेच. एक दिवस मावशीनं आमगावले जायचं, तीन दिवसांनी परत यायचं आणि सांगायचं का पोरगी तापानं गेली. कोणी जास्त विचारणार नाही. दुखाच्या घरी कोण खोदून विचारते? मग मावशीले एकटं वाटते, म्हणून राधाबाईनं तिले आपल्याच घरी ठेवून घेतलं, असं म्हणायचं. राहणंही झालं आणि कामही झालं. मोहल्ला उलट तुझं नाव काढेल.

पातळाचं काम तेवढं थांबव. बाबाले सांग घाई नाही. नाही तर थांबवू नको, ते एवढ्या दिवसांनी मनानं बसले आहेत. मले समजत नाही. किनार कोणती लावली?

मावशीचे या महिन्याचे पाचशे वेगळे मनिऑर्डरनं पाठवले. पत्ता पुन्हा बदलला आहे. काही विशेष नाही, जागा लहान पडत होती.

भूषण

पवनी
२६ सप्टेंबर २००१

भूषणले गोदावरीमावशीचा आशीर्वाद.

आज ही चिठ्ठी माझी मीच लिहून राहिली. तुझी आई दवाखान्यात गेली आहे. तुझी चिठ्ठी मी तिले वाचून दाखवली, पण ताप यायची ओळ वाचली नाही. तू म्हणाला होता गाळू नका. ही एकच गाळली.

मी तृप्तीले मारणार नाही. हे काम सांगू नको. दुसरं कोणतंही सांग.

तू हसशील. हस. मी बावन्न वर्षांची झाली. जिथं गेली तिथं लोकांनी दुसऱ्यांदा काय विचारलं, तर लेकरूबाळ किती? नाही म्हटलं का पुढं बोलणंच खुंटते. इथं पहिल्यांदा विचारलं आणि मी सांगत गेली. सांगायले मले शोधावं नाही लागलं. सुलोचनाबाईनं तिच्यासाठी हिरव्या बांगड्या घेऊन ठेवल्या. मनगट केवढं, म्हणून विचारलं, तर मी बोटं जुळवून दाखवलं आणि मले स्वतःलेच माहीत होतं केवढं ते. आता तिले तापानं मारून मी इथं काम करू, असं तू म्हणते? त्यापेक्षा मी आपल्या बकऱ्यांकडे जाईन.

पण मी गेली तर या घरचं होत नाही, तेही सांगते. तुझ्या आईनं तुले लिहू दिलं नाही. प्लास्टर तीन आठवड्यांआधीच निघालं. हाड वाकडं जुळलं. तिले आता चरखा फिरवता येत नाही, कांडी भरता येत नाही, आणि डॉक्टर म्हणते पुढंही येणार नाही. कांड्या मी भरते म्हणून तुझ्या बापाचा माग चालते. मी नाही तर तू, तिसरं कोणी नाही. हे तुले समजावं म्हणून लिहिलं.

पोरगी न मरता लग्न मोडायचं असेल तर एकच होते. पोरानं नाही म्हणायचं. तू अशी चिठ्ठी लिह्य का भय्याजी दुकानासमोर मोठ्यानं वाचेल आणि ऐकणारा म्हणेल, बरं झालं, असल्या घरी पोरगी गेली नाही. तुझं नाव खराब होईल. मोहल्ल्यात तुले कोणी चहा विचारणार नाही, बिरादरीत पोरगी देणार नाही. पण तुले तर इकडं यायचंच नाही. मग इथली अब्रू ठेवून तुले काय करायची आहे?

पुढचं मी पाहून घेईन. माझ्या राहण्याची काळजी करू नको.

किनार करवतीची आहे, लाल. अंग हिरवं. कोणी जवळ नसलं का मी मागाच्या खोलीत जाऊन पाहून येते.

गोदावरी

सुरत
१२ ऑक्टोबर २००१

मावशी,

अब्रूची गोष्ट तुम्ही लिहिली ती मले लागली. पण खोटी नाही. सोबतची चिठ्ठी भय्याजीसाठी आहे. ती लिहायले मले तीन दिवस लागले. पहिल्या दोन चिठ्ठ्यांत मी पोरीतच खोट काढली होती, गणिताची आणि बदकाची. वाचून मलेच लाज वाटली, फाडून टाकल्या. मग माझ्या अंगातलं लिहायले बसलो, तर काही बनवावं लागलं नाही.

आईच्या हाताचं तुम्ही कळवलं हे तिले सांगू नका.

भूषण

(भय्याजीसाठी)

आदरणीय भय्याजी यांस भूषण कृष्णरावचा नमस्कार.

दसऱ्याचं साक्षगंध होणार नाही. पोरीत काही खोट नाही. तिच्या घराण्यात काही खोट नाही. तिच्या आईनं आमच्या घरी राहून आमचं जे पाहिलं, ते पाहूनही ती हो म्हणते, हा तिचा मोठेपणा आहे. खोट माझ्यात आहे ती सगळ्यांसमोर सांगतो.

आईले मी लिहितो का पॉवरलूमवर काम चालू आहे. पॉवरलूम मी जुलैतच सोडलं. मग रंगाच्या कारखान्यात गेलो, तिथं पंचवीस दिवस टिकलो. मग जरीवाल्याकडे, ते सतरा दिवस. आता ट्रकमधी गाठोडे चढवतो, तेही किती दिवस ते सांगता येत नाही. कोणी काढलं नाही. मालक कुठलाच वाईट नव्हता. सकाळी उठतो आणि त्याच दारातून आत जायचं म्हटलं का पाय उचलत नाही. खोली चारदा बदलली. जो माणूस आता एका नोकरीत महिनाभर राहत नाही, त्यानं कोणाच्या पोरीले जन्मभर ठेवीन म्हणणं बरं नाही. दहावी शिकलेल्या पोरीले बरं स्थळ भेटेल.

माझ्या आईबाबाचा यात दोष नाही. त्यांना मी कधी खरं सांगितलं नव्हतं.

भूषण

पवनी
३ नोव्हेंबर २००१

चि. भूषणले आशीर्वाद.

चिठ्ठी वाचली. मी नाही वाचली, भय्याजीनं वाचली, दुकानाच्या ओट्यावर उभं राहून, सगळा मोहल्ला जमवून. फोनवाल्यांनीही फोन ठेवून दिले. पाय उचलत नाही तिथं आल्यावर भय्याजीनं कागद सुलोचनाबाईच्या हातात दिला, पुढचं तिनं वाचलं. गोदावरीबाई तर अशा रडल्या का मीही रडली, आणि मले तर सगळं माहीत होतं. तीन नोकऱ्यांचं मात्र माहीत नव्हतं. ते खरं आहे का रे?

मग सगळ्यांना वाटलं, आता ही बाई पेटी उचलून जाते. तर त्या पेटीवर बसल्या आणि म्हणाल्या, पोरगा हो म्हणेपर्यंत मी या घरातून हालत नाही. माझ्या पोरीच्या नावानं मी इथं धरणं धरलं. आणि ज्यांनी माझ्या पोरीले नाही म्हटलं, त्यांच्या घरचं मी बसून खाणार नाही, काम करून खाईन. एवढं म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर खराटा उचलला आणि आंगण झाडायले लागल्या.

(तुळशीमागूनही झाडलं.)

आता बोलायची सोय आहे का कोणाले? दिवसभर उघड्यावर काम करतात. नळावर जातात, दार उघडं ठेवून कांड्या भरतात. बाया पाहायले येतात आणि म्हणतात, काय मानी बाई आहे, पाहा. आणि मी मदतीले उठली का सुलोचनाबाई ओरडते, राधाबाई, तुम्ही बसा, तुमच्या पोरानं तोंड दाखवायले जागा ठेवली नाही. तर मी बसते. चार महिन्यांत पहिल्यांदा बसली. पहिले दोन दिवस कठीण गेलं. आता जरा जमते.

बाबा ओट्यावर नव्हते, आमच्या दारात उभे होते, पण सगळं ऐकलं. मले वाटलं आता कळ येते. ते आत आले, पाणी पिले. म्हणाले, म्हणजे पॉवरलूमही सोडलं. मग म्हणाले, रंगाचं सोडलं, जरीचं सोडलं. मग म्हणाले, म्हणजे त्याचा राग माझ्या मागावर नव्हता. त्याचे पायच तसे आहेत. आणि जेवायले बसले. भात दुसऱ्यांदा घेतला.

पातळ पूर्ण करून त्यांनी गोदावरीबाईले दिलं. म्हणाले, लग्न मोडलं तर मोडलं, पोरीचा काय दोष, तिले माझ्याकडून द्या. त्या पातळ उशाशी ठेवून झोपतात.

भय्याजी आणि चार जणांनी बसून तुले दंड लावला. जमलेली सोयरीक कारणाशिवाय मोडली म्हणून पोरीले एक हजार एक रुपये. ते भरल्याशिवाय तू मोहल्ल्यात पाय ठेवायचा नाही. मी म्हटलं, त्याले कुठं यायचं आहे? पण हे तुझ्या बाबाचं ऐक. त्यांनी कागद मागितला आणि खाली स्वतःच्या हातानं लिहिलं आहे. मी वाचू शकत नाही आणि गोदावरीबाई सांगत नाहीत.

आई

भूषण, दंड भर.
कृष्णराव

सुरत
१९ नोव्हेंबर २००१

आई आणि मावशी,

दिवाळीले इथंच होतो. तुमच्या चिठ्ठीआधी खबर इथं येऊन पोचली. खानावळीत आपल्याकडचे पोट्टे माझ्यासंग पंगतीत बसत नाहीत. भंडाऱ्याचा एक म्हातारा आहे, तो मले रोज समजावते का अजून वेळ गेली नाही, पोरगी चांगली आहे. अमर तर बोलणंच बंद करून बसला. मी म्हटलं, अरे, तुले तर माहीत आहे, तुले मावसबहीण नाही. तो म्हणते, नसली तरी. असा कसा नाही म्हणाला तू तिले?

मलेही आता तसंच वाटून राहिलं. ट्रकवर गाठोडं चढवतानी मधातच आठवते का मी एका चांगल्या पोरीले नाही म्हटलं. चार दिवसांआधी तलावाकडं बदकं दिसली आणि मी रस्ता बदलला.

तीन नोकऱ्यांचं खरं आहे, आई. ट्रकचं काम अजून चालू आहे. आज एकोणचाळीस दिवस झाले.

मावशी, दंडाच्या पावतीवर पोरीची आई म्हणून तुम्ही सही करा. ते पैसे तृप्तीचे आहेत. तिचं पुढं काय करायचं ते तुम्ही ठरवा, मले विचारू नका.

खालचं बाबाले वाचून दाखवा. त्यांच्यासमोर, मोठ्यानं.

बाबा, तुमची ओळ भेटली. मागाचा राग मले कधीच नव्हता. हे तुम्हाले सांगता येत नव्हतं, कारण कायचा राग आहे हे मलेच माहीत नव्हतं. मी मागावर बसायले येतो असं लिहीत नाही. लिहिलं तर तेही खोटं होईल. पण संक्रांतीच्या पुढंमागं आठ दिवस घरी यावं असं मनात आहे, आणि दंड भरल्याशिवाय येता येत नाही. म्हणून भरून राहिलो. भय्याजीले दुकानासमोर मोठ्यानं वाचायले सांगा, का कृष्णरावच्या पोरानं पूर्ण भरला, कमी करून मागितला नाही.

दंडाचे एक हजार एक आणि मावशीचे पाचशे मिळून आज मनिऑर्डर केली आहे, रुपये एक हजार पाचशे एक.